धुळीची धाकटी पाती

माळव्याची थोरवी सांगताना लोक पावलोपावली मिळणाऱ्या पाण्याचं आणि पोटभर भाकरीचं कौतुक करतात. धुळीचं नाव कुणी काढत नाही. मे महिन्यात धारहून मांडूकडे निघावं आणि मध्येच डांबर सोडून एखादी मुरमाची वाट धरावी. या प्रांताचं तिसरं दान न मागता अंगावर येतं. 1728 साली चिमाजी अप्पांची फौज याच मुलखात, अमझेऱ्याला, मोगल सुभेदार गिरधर बहादूरशी लढली, तेव्हाही टापांखाली माती उडालीच असणार. पण घोड्याला देवानं नाक दिलेलं होतं. मोटरसायकलला ते बसवावं लागतं आणि अधूनमधून काढून शिंकरावंही लागतं.

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल भरताना आपण मीटर शून्यावर आहे ना, हे डोळे वटारून बघतो. हवा फुकट, त्यामुळे तिच्यात काय मिसळलंय याची चौकशी करावीशी वाटत नाही. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि गारगोटी साध्या पोलादालाही ओरखडा काढते. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा कण पिस्टनच्या रिंगपाशी पोचला, की तिथे घासायला लागतो. आवाज नाही, धूर नाही. पुढे कधीतरी इंजिन ऑइल प्यायला लागतं आणि मालक ऑइलच्या कंपनीला दोष देतो.

गंमत म्हणजे याच कोरड्या हवेसाठी माणसं इकडे आली आहेत. कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाचं दुखणं घेऊन देवासला आले, काही वर्षं अंथरुणावर काढली आणि 1953 च्या सुमारास पुन्हा गायला लागले. फुफ्फुसाला जी हवा मानवली, ती कार्ब्युरेटरला मानवेलच असं नाही. हवा कोरडी हवी तर सोबत धूळ येणार. फक्त एकच द्या, असं म्हणता येत नाही.

देवासची गोष्ट निघालीच आहे तर धुळीतला मानापमानही सांगायला हवा. या एका गावात पवारांची दोन संस्थानं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, दरबार दोन, आणि चामुंडा-तुळजेची टेकडी दोघांच्या डोक्यावर. ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्यावर त्यानं पुढे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तकच लिहिलं. संस्थानं गेली, पण पाती गेल्या नाहीत. रविवारी पोरांच्या मोटरसायकली कच्च्या रस्त्याला लागल्या की पुढचा थोरल्या पातीचा आणि मागचे सगळे धाकट्या. पुढच्यानं उडवायचं, मागच्यांनी गिळायचं. संध्याकाळी फिल्टर उघडला की कोण कुठे होता हे आपोआप कळतं. ‘मीच पुढे होतो’ ही थाप तिथे चालत नाही.

फोमचा फिल्टर असेल तर काम सोपं आहे, म्हणजे हात भरवून घ्यायची तयारी असेल तर. बाहेर काढण्याआधी आजूबाजूची माती ओल्या फडक्यानं टिपायची, नाहीतर आपणच ती आत लोटतो. उघड्या तोंडात स्वच्छ कापड कोंबायचं आणि (इथे बरेच जण चुकतात) नंतर ते काढायचं. फोम आधी रॉकेलमध्ये चुबकायचा. पेट्रोलमध्ये नाही, त्यानं फोमचा चिकटवलेला जोड सुटतो आणि आगीची भीती वेगळीच. मग साबणाचं कोमट पाणी. पिळायचा नाही, नुसता दाबायचा. सावलीत वाळवायचा, आणि वाळेपर्यंत घरातल्यांवर लक्ष ठेवायचं, कारण भांडी घासायला बरा दिसतो तो. शेवटी तेल लावून सगळीकडे मुरवायचं. आपल्या अभ्यंगाचा क्रम इथे उलटा: आधी आंघोळ, मग तेल. बारीक धूळ पकडते ती त्या तेलाची चिकटाई. कोरडा फोम म्हणजे दारात झोपलेला गुरखा.

कागदी फिल्टरची जात वेगळी. तो धुवायचा नाही, बदलायचा. आणि इथेच मराठी घराची खरी परीक्षा सुरू होते. चांगली दिसणारी वस्तू टाकायची? आमच्या माहेरच्या-सासरच्या दोन्ही शाखा महाराष्ट्र सोडून पिढ्या झाल्या तरी ‘अजून वर्षभर सहज जाईल’ हे वाक्य सोडलेलं नाही. मग जुना फिल्टर ‘अडीअडचणीला’ म्हणून माळ्यावर जातो. तिथे आधीचे दोघे बसलेले असतातच. अडचण कधी आलीच, तर धूळ खाल्लेला फिल्टर माळ्यावरची धूळ खाऊन खाली उतरतो.

याहून मोठा मोह म्हणजे हवा मारणे. गॅरेजात कॉम्प्रेसर असतो, नळी हाताशी असते, आणि फट्कन उडालेला धुरळा बघून मालकाच्या जिवाला थंड वाटतं. पण त्या झोतानं कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडू शकतात. तेलाचा हात दिलेला कागद असेल तर ते तेलही उडतं. त्याहून मजेशीर गोष्ट अशी की, थोडा मळलेला कागदी फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक गाळतो; अडकलेल्या धुळीचा थरच पुढची धूळ अडवतो. पार कोंदला, गाडीची ओढ आणि ॲव्हरेज पडायला लागलं, की बदलायचा. तोवर उगाच उघडझाक करू नये.

देवासमध्ये हे जाणणारा एक मिस्त्री आहे. बॅटरी मारून फिल्टर बघतो, आतल्या नळीत पांढरं फडकं फिरवून ते स्वच्छ निघालं की झाकण लावतो आणि म्हणतो, ‘‘ठीक है, चलने दो.’’ पैसे घेत नाही. गिऱ्हाईक थँक्यू म्हणून निघतं, चौकात जरा घुटमळतं, आणि पुढच्या गॅरेजात पन्नास रुपये देऊन हवा मारून घेतं.