क्ष बरोबर किराया

आठवीतल्या लेकीला गणिताची शिकवणी लावू या, असं बायको म्हणाली, तेव्हा "घरात मी असताना?" हे शब्द माझ्या तोंडून गेले कसे, देव जाणे.

पुस्तकातली उदाहरणं रटाळ, म्हणून मी आजोबांची जमाखर्चाची वही काढली. तेव्हाही आमचं बिऱ्हाड हिमायतनगरातच, आणि वहीत दर महिन्याला एकच नोंद : 'किराया ४२ हाली'. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार, भाव ७ हालीला ६ कलदार.

"कलदारात भाडं क्ष मानू," मी रुबाबात म्हणालो. "आणि पायरी पायरीनं जाऊ."

क्ष भागिले ६ बरोबर ४२ भागिले ७. तिरकस गुणाकार केला, ७क्ष बरोबर २५२. इथवर लेक माझ्याकडे चक्क आदरानं बघत होती, त्यानं मला चेव आला, आणि "बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे गाठीला बांधून ठेव" असं बजावत, चहात बुडवलेलं आणि तेवढ्यात तळाशी गेलेलं उस्मानिया बिस्किट चमच्यानं शोधत शोधत, मी ७ पलीकडे नेले, २५२ मधून वजा केले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

२४५.

"बाबा, कलदार भारी ना? मग आकडा ४२ च्या आत नको यायला?"

"शहजाद्याच्या नावाची वस्ती आहे. भाडं असणारच!" मी ठणकावलं, आणि निजामाचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान, म्हणजेच आझम जाह, यांच्याबद्दल बरंच सांगितलं. इतिहास माझा बरा आहे.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, दर सातामागं एक सोडायचा. बेचाळिसात सात किती वेळा? सहा. सहा सोडले, राहिले छत्तीस."

"म्हणजे ७ गुणिले होते, ते पलीकडे भागिले झाले!" लेक ओरडली. २५२ भागिले ७, छत्तीसच. वर तिनं ताळाही करून दाखवला : ३६ भागिले ६ सहा, ४२ भागिले ७ सहा.

"पद्धत माझीच," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

पुढच्या पानावर दूधवाल्याचे आणे-पै होते. आजी-नात वहीवर वाकल्या आणि मेथीची जुडी माझ्यापुढे सरकली. निवडायला काय लागतं? बैठक मारून, मन लावून सगळी जुडी संपवली. पानं कचऱ्यात, काड्या पातेल्यात.