पाच नाके, पंचावन्न पूल

मुंबईत पंचावन्न उड्डाणपूल बांधायचे ठरले तेव्हा युतीचे सरकार होते आणि नितीन गडकरी बांधकाममंत्री. तिजोरीत खडखडाट. म्हणून १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ निघाले, त्याने बाजारातून कर्ज उचलले आणि वसुलीसाठी वेशींवर पाच नाके बसले: दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडला दोन. दादरकराने दिवसभर पुलांवर चढउतार करावी, त्याला दमडीही पडत नसे. ठाण्याहून मुलुंडला सासुरवाडीस निघालेला जावई मात्र एकही पूल न चढता पैसे मोजी. वापरेल त्याने भरावे, या तत्त्वाची ही मुलुंडी आवृत्ती.

२०१० मध्ये सोळा वर्षांची वसुली ठेकेदाराला देऊन सरकारने २,१०० कोटी रुपये आगाऊ घेतले. पुढच्यांच्या ताटातले आधीच वाढून घेतल्यावर, नंतर आलेल्या प्रत्येकाला ‘करार आमचा नव्हे’ म्हणायची सोय झाली.

२०१५ मध्ये राज्यातले १२ नाके बंद झाले, ५३ नाक्यांवर मोटारींना माफी मिळाली. मुंबईचे पाच तेवढे अभ्यासासाठी राखून ठेवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथला मोटारीचा दर चाळीसवरून पंचेचाळीस झाला आणि त्याच सुमारास उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी छोट्या गाड्यांना टोल नसल्याचे सांगितले. मनसेचे कार्यकर्ते तेच वाक्य घेऊन नाक्यावर हजर! खिडकीतल्या पोराने ऐकावे कोणाचे, उपमुख्यमंत्र्यांचे की फास्टॅगच्या यंत्राचे? विधान त्या ५३ नाक्यांपुरते होते, हा खुलासा मागून आला. या गोंधळात मुलुंडला जाळपोळही उरकली.

अखेर १४ ऑक्टोबर २०२४ रोजी शिंदे मंत्रिमंडळाने हलक्या वाहनांचा टोल माफ केला, तोही त्याच मध्यरात्रीपासून. दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता उंबरठ्यावर आली की रखडलेला अभ्यास एका बैठकीत पुरा होतो तो असा.

करार मात्र २०२६ पर्यंतचा होता. बुडालेल्या वसुलीची भरपाई तिजोरीतून करा, नाहीतर अवजड गाड्यांकडून आणखी काही वर्षे काढा. तिसरी वाट नाही. पहिल्या वाटेवर डोंबिवलीहून लोकलच्या दारात लटकून येणारा भरतो, दुसरीवर नाशिकच्या भाजीचा ट्रक. ट्रकवाला ते पैसे मेथीच्या जुडीत घालतो आणि जुडी घ्यायला टोलमाफीवाली मोटार येतेच.

माफीच्याच वर्षी, २०२४ च्या जानेवारीत, अटल सेतू खुला झाला होता. लांबी २१.८ किलोमीटर, मोटारीला एका फेरीचे अडीचशे रुपये. वेशीवरचे पंचेचाळीस म्हणजे अन्याय, खाडीवरचे अडीचशे म्हणजे विकास.

दहिसरला मोटारींचा टोल गेला, कोंडी राहिली. म्हणून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी नाकाच पुढे सरकवायची घोषणा केली. त्यावर वसई-विरारच्या बाजूने ओरड झाली, आमच्या दारात नको. पूल मुंबईचे, नाका वसई खाडीवरच्या वर्सोवा पुलाकडे. असाच सरकत राहिला तर मनोरच्या ढाबेवाल्यांनी जागा बघून ठेवायला हरकत नाही.