पिंप्राळा ते धुळे, मार्गे मागचा एक्सल

जुन्या पिकअपचा मागचा एक्सल बदलायची वेळ आली, हे मालकाला कोणी सांगावे लागत नाही. चाकच सांगते. जळगावच्या पिंप्राळ्याहून केळी भरून धुळ्याकडे निघालेली गाडी पाळधीच्या आसपास असते. डाव्या बाजूने एक चाक एकटेच ओव्हरटेक करून पुढे जाते. ड्रायव्हर म्हणतो, बघा, कोणाचे तरी चाक निघाले. तेवढ्यात गाडी मागून बसते आणि चाक कोणाचे, ते कळते.

दोष एक्सलच्या जातीत असतो. हलक्या गाडीला सहसा सेमी-फ्लोटिंग एक्सल असतो. त्यात चाक थेट दांड्याच्या टोकाला बसवलेले असते. चाक फिरवायचे तेही त्याच दांड्याने आणि वजन पेलायचे तेही त्यानेच, म्हणजे एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखे. आरसी बुकात एक टन आणि हौद्यात दोन टन, असा संसार काही वर्षे चालतो. मग दांडा तुटतो आणि चाक मोकळे होते. जड गाडीचा एक्सल फुल-फ्लोटिंग असतो. तिथे चाकाचा हब दोन बेअरिंगांवर थेट हाउसिंगला, म्हणजे दांड्याबाहेरच्या कवचाला बसतो. वजन हाउसिंग घेते, दांड्याने नुसते फिरवायचे. ओळखायची खूण सोपी आहे. हबच्या मधोमध बोल्टांचे कडे दिसते. ते खोलले की चाक जागेवर राहते आणि दांडा तेवढा बाहेर निघतो.

असा एक्सल नवा घेणे पिकअपच्या सध्याच्या किमतीला शोभत नाही. म्हणून तो भंगारात शोधतात. जळगावात नाही मिळाला तर धुळे, तिथेही नाही तर मालेगाव. या शोधात मालकाचे जेवढे किलोमीटर होतात, तेवढे नव्या एक्सलवर व्हायला काही महिने लागतात. भंगारवाला प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलतो : "डोळे मिटून टाका भो, कंपनीचा माल आहे." डोळे उघडे ठेवून तीन मापे घ्यावीत : एका ड्रमपासून दुसऱ्या ड्रमपर्यंतची रुंदी, पाटे बसतात त्या दोन बैठकांमधले अंतर आणि चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ. बैठका कापून पुन्हा वेल्ड करता येतात. रुंदी मात्र जास्त निघाली, तर चाके हौद्याबाहेर डोकावतात आणि गाडी कमरेवर हात ठेवून उभी राहिल्यासारखी दिसते.

चौथे माप एक्सलमधल्या क्राउन आणि पिनियन या दोन गिअरांच्या दातांचे. क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात असले तर रेशो ४.१, पिनियनला ८ असले तर ५.१२५. दात आत असतात आणि भंगारवाला हाउसिंग खोलू देत नाही, म्हणून बाहेरूनच मोजतात. पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करायची, एक चाक माणसाने घट्ट धरायचे आणि दुसरे बरोबर दोन वेढे फिरवायचे. फ्लँज जेवढे वेढे घेईल तो रेशो. दुसरे चाक एकच वेढा फिरवले तर उत्तर निम्मे येते आणि सौदा फसतो. एका चाकाला धरले की दुसरे दुप्पट पळते, ही डिफरन्शियलची करामत. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावे लागते, त्याची ही सोय पॅरिसच्या पेक्वर नावाच्या घड्याळजीने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी पेटंट केली. पिंप्राळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो, त्याला तिची गरज नाही. तो माणसे ओढतात. वळायचे आणि थांबायचे काम चाकाखाली लाकडी मोगरी सारणारे करतात. पिकअपला ही माणसे परवडत नाहीत.

एक्सल पिंप्राळ्यात येतो तो दुसऱ्याच्या लोडिंग रिक्षातून. रिक्षा मागून दबलेली, पुढचे चाक जेमतेम जमिनीला टेकलेले. तिचा मालक उतरता उतरता विचारतो, "मिस्तरी, असा एखादा माझ्यासाठी पण बघा ना."

पुढचे काम मिस्तरीचे. गाडी जॅकवर घेऊन चासीखाली ठोकळे लावायचे, यू-क्लॅम्प सोडायचे, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची वायर काढायची आणि जुने हाउसिंग खाली घ्यायचे. नवे बसवताना पिनियनचे तोंड फार वर किंवा फार खाली राहू देऊ नये. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस त्याने महिनाभरात जातो. शाफ्टची लांबी जुळली नाही तर तो लेथवर कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून घ्यावा. बॅलन्सचे पैसे वाचवले, तर गाडी चाळिसाच्या पुढे भजन धरते. क्राउन-पिनियनचे दात नीट भिडतात का, हे पाहायला तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावून चाक फिरवतात. ठसा दाताच्या मधोमध उमटायला हवा. टोकाला उमटला तर वॉशर कमी-जास्त करावे लागतात. मारुतीला लावतात तोच शेंदूर; फरक एवढाच, की इथे नवसाआधी पाना चालवावा लागतो. शेवटी नव्वद नंबरचे गिअर ऑइल भरायचे. त्याचा गंधकी वास मालकाच्या शर्टाला दोन धुण्यांपर्यंत साथ देतो.

ब्रेकची हवा काढली की गाडी धुळ्याच्या ट्रायलला निघते. टायर तेच, रेशो मात्र ४.१ वरून ५.१२५, म्हणजे सव्वापट. मीटरची वायर जुन्या गाडीत गिअरबॉक्समधून निघते, मागे काय बदलले याचा तिला पत्ता नसतो. काटा ५० वर, गाडी ४० वर. इंजिन सुरतेला निघाल्यासारखे ओरडते आणि शेजारून एरंडोलची एसटी शांतपणे पुढे निघून जाते. चढावर मात्र गाडी गिअर न बदलता चढते आणि मालक खिडकीतून बाहेर बघतो, कोणी पाहिले का. पारोळ्याला शेवभाजी होते. धुळे सुमारे ९० किलोमीटर. मीटर ११२ दाखवते. मीटरच्या हिशेबाने गाडी धुळे ओलांडून साक्रीच्या वाटेवर कुसुंब्याच्या आसपास असते. प्रत्यक्षात ती धुळ्याच्या बाजारात केळी उतरवत असते. गिऱ्हाइकाला भाडे किलोमीटरवर लावणारे ड्रायव्हर हे मीटर दुरुस्त करायची घाई करत नाहीत.

परतीच्या वाटेवर मालकाला वाटते, आता तीन टन टाकू. इथे हे प्रकरण गॅरेजमधून आरटीओकडे जाते. एक्सल जाड झाला तरी चासी, ब्रेक, टायर आणि क्लच जुनेच असतात. तुटायचे ते तुटतेच, फक्त जागा बदलते : आधी दांडा जायचा, आता क्रॉस जातो, मग क्लच प्लेट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. केळी असली तर उतरवलेला माल रस्त्यावरच पिकतो.

यू-क्लॅम्पचे नट पहिल्या फेरीत ढिले पडतात. ते एकदा पारोळ्याला आणि एकदा धुळ्याला आवळावेत. पाना सीटखालीच ठेवावा.