उड्या मारा, पण मणी काढून

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलींचं मन ताळ्यावर राहावं म्हणून त्यांना धावायला, नाचायला लावणारे कार्यक्रम निघतात. निघोत बापडे. घाम गाळला की झोप लागते, चार मैत्रिणी मिळतात, डोकं हलकं होतं. हे आजीलाही ठाऊक असतं, पण आजीच्या सहीवर अनुदान मिळत नाही.

आमची कुरकुर वेगळीच आहे. ‘या मुली खेळत का नाहीत?’ असं विचारताना मैदानाची किल्ली कोणाच्या कनवटीला होती, तेही पाहावं.

मिसिसिपीतलं जॅक्सन शहर घ्या. सार्वजनिक जागी वर्णभेद चालणार नाही, असं कोर्टाने बजावलं. नगरपालिकेने मग आपले चार पोहण्याचे तलाव बंद केले आणि भाडेपट्ट्याचा पाचवा सोडून दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७१ साली ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला, की तलाव काळ्यांना बंद तसे गोऱ्यांनाही बंद, मग भेदभाव कसला? समता आली, पाणी गेलं. ज्यांच्या परसात तलाव होता, ते डुंबत राहिले.

पाण्यानंतर केस. जाड कुरळ्या केसांसाठी बनवलेली मोठी टोपी टोकियो ऑलिंपिकआधी, २०२१ साली जागतिक जलतरण महासंघाने नाकारली. म्हणे, डोक्याच्या नैसर्गिक आकाराला धरून नाही! नैसर्गिक म्हणजे कोणाचं डोकं, हे विचारल्यावर २०२२ साली मंजुरी आली. त्याआधी १९९९ साली ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये १८ वर्षांच्या टेनिसपटू व्हीनस विल्यम्सच्या वेणीतले मणी कोर्टावर सांडले आणि पंचांनी तिचा गुण कापला. टीव्हीसमोर बसलेल्या किती पोरींनी त्या संध्याकाळी आपल्या वेणीला हात लावून पाहिला असेल!

आणि या मुली खेळत नव्हत्या कुठे? न्यूयॉर्कच्या फुटपाथवर कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या उलटसुलट फिरवून, गाणी म्हणत त्यांच्या उड्या चालूच होत्या. ‘डबल डच’ म्हणतात त्याला. ताल, दम, सख्यांवरचा भरवसा, सगळं फुकट. आपल्या फुगडीची लांबची बहीणच म्हणा. १९७३च्या सुमारास दोन पोलीस डिटेक्टिव्हांना, डेव्हिड वॉकर आणि युलिसिस विल्यम्स यांना, त्यात खेळ दिसला. त्यांनी नियम बांधले आणि १९७४ साली स्पर्धा भरवली. शहराच्या शाळांच्या अधिकृत क्रीडायादीत तो यायला मात्र २००९ उजाडलं. शाळेपेक्षा पोलिसांची नजर चांगली निघाली, असा योग विरळाच.

२०१७ साली जॉर्जटाऊन विद्यापीठाने एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात दिसलं, की मोठ्या माणसांना काळी मुलगी पाचव्या वर्षापासूनच गोऱ्या मुलीपेक्षा थोराड वाटते. तिला माया कमी लागते, जपणूक कमी लागते, असा त्यांचा समज. आधी पोरीला पाचव्या वर्षी बाई करायचं आणि पंधराव्या वर्षी कार्यक्रम काढून तिला खेळायला शिकवायचं!

तर समजा, असाच एखादा कार्यक्रम चालू आहे. दोन दोऱ्या सपासप फिरताहेत, पोरगी किंचित झुकून आत शिरायची वेळ हेरते आहे. तेवढ्यात प्रश्नावली घेऊन एक बाई येतात. ‘गेल्या आठवड्यात तुला किती उत्साही वाटलं? एक ते पाच.’

‘बाजूला व्हा ना,’ ती म्हणते, ‘माझा नंबर आलाय.’