दार हवंय, कपाट नको

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या. मोठ्यानं बोलायची सोय नाही, त्यांची खिडकी उघडी आहे. हौ, कोपऱ्यावरच्या काकूंचीच. कळलं का? लेस्टरहून भाचा आलाय ना त्यांचा, तो कपाट मागतोय म्हणे! नवं नाही हो, आतल्या खोलीतलं ते गंजलेलं लोखंडी, काकू पापडांचे डबे ठेवतात ते. आणि कपाट तरी कुठं, नुसतं दार पाहिजे. दाराला आतून शक्तिमानची स्टिकरं आहेत. लहानपणी सुट्टीत इथं हैदराबादेत काचीगुड्याला यायचा तेव्हा त्यानंच लावलेली.

हसताय काय? मी पण हसले. पण त्यानं सांगायला घेतलं तसं आमच्या घरातले ते दिवस डोळ्यांपुढं आले. १९९७ साली टीव्हीवर शक्तिमान सुरू झाली, पार्ले-जीवाले प्रायोजक, आणि बिस्किटांबरोबर शक्तिमानच्या काय काय वस्तू वाटायला लागले. आमच्याकडं घरात सरळ दोन पक्ष पडले. मामंजी उस्मानियाचे. इराणी हॉटेलातून पुडकं बांधून आणायचे, चहात बुडवून खायचे, दुसरं बिस्कीट त्यांना बिस्कीटच वाटायचं नाही. पोरांनी उस्मानियाकडं पाठ फिरवली, कारण काय तर त्याच्याबरोबर स्टिकर मिळत नाही! कौतुकानं आणलेलं पुडकं तसंच मऊ पडायचं आणि मामंजी दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत.

आणि ग्लुकोज तरी कोण खातंय? स्टिकर हातात पडलं की बिस्किटं गेली डब्यात. डबा भरला, दुसरा भरला. मी चुरा करून कोको घालून वड्या थापल्या, कामवाल्या बाईला दिल्या, शेवटी गल्लीतली कुत्रीसुद्धा वास घेऊन निघून जायला लागली. तेच स्टिकर परत निघालं की रडारड, मग विवेकवर्धिनी शाळेच्या मैदानात अदलाबदल. कंपनीनं आपल्याला बिस्किटं विकली असं आपण समजत होतो. मला विचाराल तर स्टिकरंच विकली, बिस्किटं आपली भरीला घातलेली.

ती पुड्यावरची बाळी आठवते ना? ती म्हणे नागपूरच्या कुणा देशपांडे बाईंची लहानपणची, असं आमची नणंद शपथेवर सांगायची. कोणी सुधा मूर्तींचं नाव घेतं. दोन्ही खोटं. एव्हरेस्ट जाहिरात कंपनीतल्या मगनलाल दहियांनी साठच्या दशकात काढलेलं ते चित्र. फोटो नाहीच मुळी. पण नणंदेला सांगायला मी जाणार नाही.

तर काय सांगत होते? हं, मालिका. आधी शनिवारी लागायची, मग रविवारी दुपारी बाराला. बाराला गल्लीत चिटपाखरू नाही. आमचे हे म्हणायचे, ही विज्ञानाची मालिका आहे, बघू दे पोरांना. कसलं विज्ञान! कुंडलिनी जागी करून हा उडतो, आणि प्रयोगशाळा सगळी त्या दुष्ट डॉक्टर जॅकालकडं. निम्मा योग, निम्मं रसायनशास्त्र. खरी विज्ञानाची म्हणाल तर पुढच्या वर्षी आली ती कॅप्टन व्योम, केतन मेहतांची, मिलिंद सोमण असलेली, बाविसाव्या शतकातली. ती आमच्या घरात मीच जास्त बघायची. का ते विचारू नका.

तिकडं विलायतेत हे खाऊबरोबरच्या वस्तूंचं खूळ केव्हाचं जुनं आहे. भाच्याच्या ऑफिसातला एक गोरा डॉक्टर हूच्या वस्तू जमवतो. दवाखान्यातला डॉक्टर नव्हे हो, टीव्हीवर निळ्या पेटीत बसून काळात मागंपुढं फिरतो तो, १९६३ पासून फिरतोय. साठच्या दशकात वॉल्सवाल्यांनी रॉकेटच्या आकाराची बर्फाची कांडी काढली, स्काय रे नावाची, आणि तिच्याबरोबर त्या डॉक्टरची ३६ चित्रं. १९७१ मध्ये केलॉग्जनं शुगर स्मॅक्स नावाच्या नाश्त्याच्या खोक्यात बिल्ले टाकले. आणि १९७५ मध्ये वीटाबिक्सनं खोक्यात पुठ्ठ्याची उभी राहणारी चित्रं घातली, एकूण २४, आणि ती उभी करायला मागचा देखावा छापला कुठं? खोक्याच्याच पाठीवर! दोन वर्षांनी पुन्हा तेच, तेव्हा पाठीवर खेळाचे पट.

आता बघा गंमत. खेळायचं तर खोकं कापायला पाहिजे. कापलं की संपलं, आज न कापलेल्या खोक्यासाठी ही माणसं जीव टाकतात. म्हणजे ज्या घरात पोरांना धाक होता, 'हात लावू नका' म्हणून आईनं सगळं वर ठेवून दिलं, त्या घरात आज माल शिल्लक. आपण लाड केले, आपल्याकडं काय? दाराला चिकटलेला शक्तिमान, त्याचाही एक हात उडालेला.

भाचा बिचारा तेच सांगतोय, मामी, चिकटवलेल्या स्टिकराला बाजारात कोणी विचारत नाही, मला माझ्यासाठी हवंय. पण काकूंचा विश्वास बसतोय होय? "लेस्टरहून येऊन फुकट पत्रा कोण मागेल?" पापडाचे डबे बाहेर निघाले, कपाटाला कुलूप! रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर काकांना पाठवलं, त्या जुन्या पुस्तकवाल्यांकडं भाव काढायला. पुस्तकवाला म्हणाला, "कपाट का दरवाजा? नक्को साब." काका रिकाम्या हातानं आले तर काकूंना वाटतंय काकाही भाच्याला सामील.

शेवटी ठरलंय असं, की भाच्यानं नवं कपाट घेऊन द्यायचं, आरशाचं. आता दार विमानात जाईना, म्हणून वेल्डिंगवाल्याला बोलावून तेवढाच पत्रा कापून घेणार. कापणार, बघा! त्या गोऱ्याला कळलं तर चक्कर येईल.

बरं, मी मुद्दाम तुम्हाला हाक का मारली? १९८७ च्या वर्ल्ड कपच्या वेळी बिगफन बबलगमचे कागद जमवायची लाट होती ना, रन छापलेले? ढीगभर रन झाले की कागद पाठवायचे आणि खेळाडूंची चित्रांची पुस्तकं मिळवायची. तुमच्या ह्यांनी खोका भरून ठेवले होते, तुमच्या सासूबाईच सांगायच्या. पाठवलेच नाहीत ना शेवटी? माळ्यावरच असतील! आज संध्याकाळी चढवाच त्यांना. आणि गुरुवारी जुमेरात बाजारचा भंगारवाला आला तर गेटातूनच परत पाठवा, मागच्या वेळेसारखं 'घेऊन जा सगळं' म्हणू नका.