महासत्तांच्या चरणी, घुग्घुसहून

परम आदरणीय महासत्तांनो,



अवघ्या जगाचा भार वाहता वाहता आपण आमच्यासारख्या कोळशाच्या गावांची आठवण ठेवता, याबद्दल आधी आभार मानतो. हवामान परिषदेत कोळशाचा विषय निघाला की कुणा ना कुणाला खाणकामगाराच्या पोटाची चिंता वाटू लागते. एरवी त्याच्या छातीत किती धूळ गेली, हे विचारायला कुणी फिरकत नाही. म्हणून ही चिंता आम्हाला फार मोलाची.

नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत आपण घेतलेले कष्ट आम्ही विसरलेलो नाही. कोळशाचा वापर संपवत नेण्याचे कलम मसुद्यात होते, ते शेवटच्या घटकेला ‘कमी करत नेणे’ इतके सौम्य झाले. सूचना आमच्याच दिल्लीची होती, हे आम्ही लपवत नाही. पण हीच भाषा तीन दिवस आधी, 10 नोव्हेंबरला, अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात आली होती. आणि तेल व वायू कमी करण्याचे कलम तर आलेच नाही. आपापली चूल सांभाळावी कशी, हे आपल्याकडूनच शिकावे.

मार्शल बेटांच्या प्रतिनिधी टीना स्टेगे यांनी तो बदल जड मनाने पत्करला, कारण त्याच करारात त्यांच्या लोकांना तगवणाऱ्या बाकीच्या गोष्टी होत्या. लहानांच्या या समजूतदारपणाचा आपण किती मनापासून लाभ घेतलात!

आपले औदार्यही थोर. समुद्र चढला तर नुकसान कोण भरणार, हा प्रश्न छोट्या द्वीपराष्ट्रांच्या वतीने वानुआतूने 1991 मध्ये मांडला. त्यासाठी निधी हवा, हे आपल्याला 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत पटले. पुढच्या वर्षी अमेरिकेने त्यात 1 कोटी 75 लाख डॉलर देऊ केले आणि मार्च 2025 मध्ये त्या निधीच्या मंडळातूनच अंग काढून घेतले. ऑस्ट्रेलियाने तुवालूशी करार केला आहे. त्यानुसार वर्षाला 280 तुवालूवासीयांना तिथे कायमचे राहता येईल. ऑस्ट्रेलियाच्या कोळशाच्या खाणी मात्र चालूच. तुवालूची वस्ती सुमारे 11 हजार, म्हणजे आमच्या घुग्घुसहूनही लहान. देश सोडण्याची एवढी शिस्तबद्ध रांग लावून दिल्याबद्दल त्यांनी आपले किती आभार मानावेत?

हे आम्हाला का झोंबते, तेही सांगतो. ऑगस्ट 2022 मध्ये आमच्या अमराई वॉर्डातले एक राहते घर जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत खाण होती. कोळसा केव्हाच निघून गेला होता, पोकळी राहिली होती. शेजारच्या कुटुंबांना सामान बांधून हलावे लागले. त्या कोळशाची वीज कुठे जळली, त्यावर कुणाचे कारखाने उभे राहिले, याचा हिशेब त्या कुटुंबांकडे नव्हता. तुवालूच्या माणसाकडेही नाही. साऱ्या छोट्या द्वीपराष्ट्रांचे मिळून उत्सर्जन जगाच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि सर्वांत आधी बुडणार तेच.

तरी एका गोष्टीसाठी आपले खरोखर आभार. आपण इतके दुर्लक्ष केलेत की लहानांना एकत्र यावेच लागले. 1989 मध्ये मालेला त्यांची परिषद झाली, 1990 मध्ये संघटना उभी राहिली. कॅरिबियन, पॅसिफिक, हिंदी महासागर अशा दूरदूरच्या दिशांची 39 द्वीपराष्ट्रे व किनारी देश तिच्यात आहेत. मॉरिशसही आहे, जिथे कोकणातून मजुरीला गेलेल्यांची मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात. पुढे 2019 मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी ही लढाई हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची मागणी केली. वानुआतूने ती उचलली. मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, त्याला 132 देश सहप्रस्तावक होते. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले: हवामान राखणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्यात कसूर केली तर भरपाईही द्यावी लागू शकते.

तेव्हा, मायबाप, एकच विनंती. पुढच्या परिषदेत आमच्या पोटाचे नाव घेणार असाल, तर सोबत आकडाही घेऊन या. खाण बंद झाल्यावर कामगाराला किती वर्षे पगार, त्याच्या पोराला कोणते शिक्षण, खचत्या घरांना कुठे जमीन, आणि त्यासाठी आपली तिजोरी किती उघडणार, ते लिहून द्या. ते जमणार नसेल, तर आमच्या नावाने तुवालूची वाट अडवू नका. आमची सही त्यांच्या बाजूला धरा.

कळावे,
घुग्घुसचा एक रहिवासी