टाकी फुल ते टाकी फुल

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असा असतो, ज्याला स्वतःच्या रक्तातली साखर सांगता येत नाही, पण सगळ्यांच्या गाड्यांचं ॲव्हरेज पाठ असतं. आमच्याकडे हे खातं दोनशे चारवाले काका सांभाळतात. ते निवृत्त आहेत, गुडघे शाबूत आहेत आणि खाली एक पांढरी, लहानशी पेट्रोल गाडी उभी असते. बहुतेक वेळा ती उभीच असते. बाहेर काढली तर पेट्रोल जळतं.

काकांची पिढी बजाज चेतकवर घडली. स्कूटर बंद पडली की ती इंजिनाच्या बाजूला आडवी करायची, टाकीला कान लावून खळखळ ऐकायची आणि उरल्यासुरल्या घोटावर पुढचा पंप गाठायचा. या तालमीतून गेलेल्या माणसाला पेट्रोलचा काटा लाल रेघेवर आला की भीती वाटत नाही, उमेद वाटते.

बँकेकडून मिळालेल्या एका जुन्या डायरीत त्यांचा हिशेब असतो. तारीख, किलोमीटर, लिटर, भाव, ॲव्हरेज आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना मी एकदा चाळला आहे. ‘कोल्हापूर. एसी बंद. १८.१.’ ‘हिच्या माहेरची मंडळी. डिकीत तांदूळ. १५.८.’ काकूंच्या माहेराबद्दल एवढं नेमकं विधान त्या घरात दुसरं कुणी केलेलं नाही.

काकांची पद्धत मात्र चोख आहे, हे कबूल करायला हवं. पंप एकच, मशीनसुद्धा तेच. नोझल ‘कट’ झाल्यावर पुढे एक थेंब नाही. पोरगा सवयीने विचारतो, “राउंड करू का काका?” आणि काका त्याच्याकडे असं बघतात, जणू त्याने सोवळ्यात शिवलं. राउंड केलं की हिशेब गेला. पोरगा ‘झीरो बघा’ म्हणायच्या आत काकांनी झीरो बघितलेला असतो, घनताही वाचलेली असते आणि ती ७२० ते ७७५ च्या दरम्यान आहे याची खात्री करून मान हलवलेली असते. शिवाय सकाळीच भरायचं, कारण पेट्रोल थंड असताना दाट असतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला सकाळ-दुपार फारशी कळत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. “असू दे,” काका म्हणाले, “सकाळी रांग तरी नसते.” त्यांना वादात हरवता येत नाही ते असं.

गेल्या पावसाळ्यानंतर एके सकाळी ते पंपावरून आले आणि न बोलता खुर्चीत बसले. काकूंना वाटलं, कुणीतरी गेलं.

“साडेतेरा,” काका म्हणाले.

सतरा देणारी गाडी साडेतेरावर आली होती. दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी बोंब मारली असती. काकांनी नाही मारली. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण नोझल कधी लवकर कट होतो, कधी उशिरा. आधी लिटरभर कमी भरलं गेलं असेल, तर ते आताच्या खात्यात येतं. म्हणून त्यांनी आणखी दोन टाक्या जाऊ दिल्या. साडेतेरा, तेरा पॉइंट सात. मग बोंब मारली.

पहिला संशय अर्थातच पंपावर. काकांनी पाच लिटरचं माप मागवलं. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. फक्त मागायला काकांसारखा माणूस लागतो. मागे सात गाड्या हॉर्न वाजवत होत्या. माप काठोकाठ बरोबर भरलं. इतकी निराशा मी माणसाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिली आहे.

मग इथेनॉल. हा संशय काकांनी पार्किंगमध्ये उभं राहून, दोन्ही हात मागे बांधून मांडला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, म्हणजे आपण अर्धवट रसवंतीगृहातच गाडी भरतो आहोत. मुलाने मोबाइलवर आकडेमोड केली. “बाबा, विसाचा तिसरा हिस्सा म्हणजे सहा-सात टक्के. सतराचे फार तर सोळा होतील. साडेतेरा कसे?” काकांनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्या क्षणी संशय मुलाकडे वळला. गाडी रात्री कोण नेतं? सीट मागे कुणी सरकवली? एसी लावून मैत्रिणीची वाट बघत कोण बसतं? बसलेल्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं, हे काकांचं वाक्य तसं खरंच आहे. मुलाने किल्ली टेबलावर ठेवली आणि महिनाभर रिक्षाने फिरला. ॲव्हरेज जागचं हललं नाही.

या सगळ्यात काकांना सर्वांत जास्त छळत होती ती टेकडी. त्यांच्या बाल्कनीतून एआरएआयची टेकडी दिसते. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था गाड्यांची ॲव्हरेज प्रमाणित करते. तिथे गाडी एका खोलीत रोलरवर उभी करून पळवतात, एसी बंद, समोर ना खड्डा ना पीएमटी. त्या आकड्याची आणि आपल्या आकड्याची गाठ पडत नाही ती त्यामुळेच. काका मात्र रोज सकाळी त्या टेकडीवर फिरायला जातात आणि कुंपणाकडे बघत उतरतात.

गाडी सर्व्हिसिंगला गेली. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, स्कॅनर लावला. स्कॅनरला एकही एरर सापडली नाही. काकांनी थर्मोस्टॅटबद्दल वाचलं होतं: तो उघडाच अडकला तर इंजिन तापत नाही आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. म्हणून ते तीन सकाळी डॅशबोर्डवरच्या निळ्या दिव्याकडे बघत बसले. दिवा वेळेवर विझला.

गाडी बिचारी केव्हापासून सांगत होती, पण काकांना ते ऐकू येत नव्हतं. जुन्या कात्रज बोगद्यातून शहराकडे उतरताना काका गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. हे करू नये. उतारावर इंजिनाचा ब्रेक मिळत नाही हे तर आहेच, पण इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय काढला तर इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला थोडं पीतच राहतं. काकूंनी, मुलाने, मी, सगळ्यांनी सांगून झालं आहे. तर न्यूट्रलमध्ये गाडी कुठल्या चहाच्या टपरीपर्यंत येते, हे काकांना ठाऊक आहे. पावसाळ्यानंतर ती टपरीच्या बरीच अलीकडे थांबू लागली. काका म्हणाले, वारा समोरचा आहे. टेकडीवरची मंडळीही गाडीला रस्त्यावर किती अडसर होतो हे मोजायला साधारण हेच करतात: सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, न्यूट्रल टाकायचा आणि वेग कसा उतरतो ते नोंदवायचं. म्हणजे जगन्मान्य चाचणी काकांनी घेतली होती, निकालही हाती होता, फक्त तो वाऱ्याच्या नावावर टाकला. स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. तो दोष त्यांनी महापालिकेला दिला.

शेवटी निदान केलं ते हवा भरणाऱ्या पोराने. काका हवेच्या बाबतीत कडक आहेत, तेहेतीस म्हणजे तेहेतीस. पोरगा पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला, व्हॉल्व्हचं टोपण काढायला गेला आणि हात झटकून उठला. बोटं तोंडात.

“काका, रिम केवढी तापलीये! उजवी बघा, गार आहे.”

काकांनी हात लावला. लगेच काढला. कॅलिपर जाम झाला होता. पाय उचलला तरी ब्रेकचे पॅड डिस्कला धरूनच होते. चिकटलेला ब्रेक इंजिनाच्या संगणकाला दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की आज ओझं जास्त आहे, आणि तो इमानाने पेट्रोल वाढवतो.

पुलाखालच्या मेकॅनिकने चाक उतरवलं, पिना ओढून काढल्या. गंज चढून त्या तपकिरी झाल्या होत्या. त्याने त्या पॉलिश पेपरने घासल्या, ग्रीस लावलं, नवे रबर घातले. पाचशेच्या आत काम झालं. फिल्टर, प्लग आणि स्कॅनरचं बिल काकांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

“कशाने झालं?” काकांनी विचारलं.

“उभी होती ना पावसाळाभर? दमट हवेत उभ्या गाडीच्या पिना धरतात. जरा फिरवत चला काका.”

म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी उभी ठेवलेली गाडी उभी राहिल्यामुळेच जास्त प्यायला लागली होती. काकांनी हे काकूंना अजून सांगितलेलं नाही. डायरीतल्या त्या तीन नोंदींपुढे ‘इथेनॉल’ लिहिलं होतं. तिथे त्यांनी फक्त एक प्रश्नचिन्ह घातलं. शाईने नाही, पेन्सिलने.

गाडी सतरावर परतली आणि आमची संध्याकाळची शांतता गेली. आता काका गेटपाशी उभे असतात. गाडी आत आली की मागोमाग जातात, वाकतात आणि चारी रिमांजवळ पंजा धरतात, टेकवत नाहीत. “तीनशे दोन, तुमचं मागचं उजवं दाखवून घ्या.” तीनशे दोनवाल्यांनी खरंच दाखवलं आणि खरंच ब्रेक धरत होता, त्यामुळे आता त्यांना कुणी अडवूही शकत नाही.

परवा पाचशे एकमधली मुलगी नवी गाडी घेऊन आली. काकांनी पंजा धरला. चारही चाकं गार.

“इलेक्ट्रिक आहे काका. ब्रेक फारसा लागतच नाही. पाय काढला की मोटरच गाडी आवरते, आणि बॅटरीत थोडं परत भरते.”

“परत भरते?” काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आणि युनिटला किती किलोमीटर पडतात?”

“बघितलं नाही हो कधी.”

काकांनी खिशातून पेन काढलं. “चार्जर कुठल्या मीटरवर घेतलायस? नंबर सांग.”